सोनपापडीचे चार डबे: बारावीच्या बायोलॉजीच्या उजळणीची नोंदवही

10 नोव्हेंबर 2024, रविवार

दिवाळी संपली, सोनपापडीचे डबे रिकामे झाले आणि खंडव्याहून ताईचा फोन आला. "कारखान्यात एवढे तक्ते करत असतोस, तुझ्या भाचीलाही एक करून दे. बायोलॉजीचं तिचं काही खरं दिसत नाही." भाची अकरावीपासून आमच्याकडे इंदूरला असते. मी पीथमपूरला एका औषध कारखान्यात क्वालिटी अ‍ॅशुरन्सला आहे. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट डोक्यात भरवतात: लिहिलं नाही ते झालं नाही. म्हणून ही वही.

आज फक्त मोजमाप. सीबीएसईचा थिअरीचा पेपर 70 गुणांचा, तीन तासांचा, प्रॅक्टिकलचे 30. पुस्तकात 13 धडे. आधी 16 होते, मग तीन गळले, त्यामुळे शेजाऱ्यांनी प्रेमानं दिलेली जुनी गाइडं सरळ रद्दीत. गुणांची वाटणी अशी: प्रजनन 16, आनुवंशिकता आणि उत्क्रांती 20, आरोग्य आणि सूक्ष्मजीव 12, बायोटेक्नॉलॉजी 12, इकॉलॉजी 10.

सवयीनं भागाकार केला. बायोटेक्नॉलॉजीचे धडे दोनच, म्हणजे धड्यामागे 6 गुण. इकॉलॉजीचे तीन, धड्यामागे साडेतीनही पडत नाहीत. आणि बाईसाहेब गेले दीड महिना काय वाचत होत्या? इकॉलॉजी. का? "ते सोपं आहे, मामा."

रात्री एक्सेल उघडून शीट तयार केलं. 11 रकाने: धडा, उपघटक, पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, आकृत्या, मागचे प्रश्न, लागलेला वेळ, आत्मविश्वास पाचपैकी, शेरा, सही. वाचलं की खाना आपोआप हिरवा. बघायला फार देखणं झालं आहे.

17 नोव्हेंबर, रविवार

प्रजननाचे तिन्ही धडे हिरवेगार. तीन-तीन वाचनं, आत्मविश्वास 5. मी खूश.

मग सहज पाठकोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, सपुष्प वनस्पतीचा एम्ब्रियो सॅक, म्हणजे भ्रूणकोश, काढून दाखव, पुस्तक न बघता. तिनं लंबगोल छान काढला. खाली मायक्रोपाइल लिहिलं, वर चलाझा. मग पेन थांबलं. वर तीन गोळे काढले, खाली तीन, मध्ये दोन, आणि प्रत्येकाभोवती भिंत घातली. झाल्या आठ पेशी.

"किती पेशी?" "आठ." "केंद्रकं किती?" "...आठ?" आणि तिथंच तिच्या लक्षात आलं. केंद्रकं आठ पण पेशी सात. मधल्या मोठ्या पेशीत दोन पोलर न्यूक्लिआय एकत्र राहतात. खालच्या तिघांतली अंडपेशी कुठली आणि तिच्या सोबतचे सिनर्जिड कुठले, हेही तिनं अंदाजानं लिहिलं होतं. तीनदा वाचलेला, हिरवा धडा.

दुपारी बोर्डाचा नमुना पेपर घड्याळ लावून सोडवून घेतला. 33 प्रश्न: एक मार्काचे 16, दोनचे 5, तीनचे 7, केस वाचून सोडवायचे चार मार्कांचे 2 आणि पाच मार्कांचे 3. संध्याकाळी बोर्डाचीच उत्तरसूची समोर ठेवून मी तपासला, कडक तपासला. 70 पैकी 41.

गेलेले 29 कुठे गेले ते लिहून काढलं. कारखान्यात बॅच नापास झाली की आधी हेच करतो.
माहीतच नव्हतं: 6.
वाचलेलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही: 11.
प्रश्न वेगळा विचारला होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं: 4.
उत्तर बरोबर पण मार्काचा मुद्दा सुटला: 6.
आकृतीतली नावं: 2.

मार्काचा मुद्दा सुटण्याचा प्रकार मला नवा होता. उदाहरणार्थ, ट्रिपल फ्यूजनबद्दल तिनं लिहिलं की दुसरा नर युग्मक दोन पोलर न्यूक्लिआयना जाऊन मिळतो. खरंच आहे. पण त्यातून ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलं, प्रायमरी एंडोस्पर्म न्यूक्लियस तयार होतं, हे लिहिलं नाही. मार्क नेमका तिथं होता.

आणि सगळ्यात मोठा आकडा 11. माझं देखणं शीट ज्याचा हिशोब ठेवत होतं, तेच निसटत होतं.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल रात्री डेटशीट आली. फिजिक्स 21 फेब्रुवारी, केमिस्ट्री 27 फेब्रुवारी, इंग्रजी 11 मार्च, बायोलॉजी 25 मार्च. आजपासून 124 दिवस.

इंग्रजीनंतर बायोलॉजीला चौदा दिवस आहेत हे बघून घरात आनंदीआनंद. मला मात्र त्या चौदा दिवसांचीच भीती वाटते. मध्ये होळी, धुळवड आणि 19 तारखेला रंगपंचमी. इंदूरमध्ये रंगपंचमी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

उजळणी कशी करावी यावर लोक दीडशे वर्षं डोकं खाजवताहेत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून किती दिवसांत किती विसरतो ते मोजलं होतं. म्हणजे स्वतःलाच नमुना करून चाचणी. पण मला पटला तो 2006 चा प्रयोग, रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर उलटं, वाचणारे 42 आणि आठवून लिहिणारे 56.

भाचीला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे मला वाचल्यावर जे वाटतं की येतंय, ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं." अगदी.

तेव्हा नवी व्यवस्था. सोनपापडीचे चार डबे, वर मार्करनं 1, 2, 3, 4. पहिल्या डब्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं, चौथ्यातली पंधरवड्यानं. उत्तर आलं की कार्ड पुढच्या डब्यात. चुकलं की कुठूनही थेट एक नंबरात. लायटनर नावाच्या गृहस्थांची ही युक्ती, डबे आमचे.

कार्डांसाठी बायकोनं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. चांगला जाड कागद, मागची बाजू कोरी. अट एकच, गणपतीचं पान कापायचं नाही. त्यामुळे गणपतींची एक वेगळी थप्पी झाली आहे आणि ती देवघरात आईच्या ताब्यात आहे.

पहिल्या दिवशी 40 कार्डं झाली, त्यातली निम्मी फाडावी लागली. "डीएनए रेप्लिकेशन समजवा" असलं कार्ड काही कामाचं नाही. उलटून बघितलं की "हो हो, हेच" असं वाटतं आणि ते पुढच्या डब्यात जातं. प्रश्न असा हवा की चूक लपता कामा नये. टिकलेल्यातलं एक उतरवून ठेवतो.

पुढे: हर्षी-चेसचा विषाणूंवरचा प्रयोग, 1952. पी-32 कशात, एस-35 कशात, बॅक्टेरियात काय सापडलं?
मागे: फॉस्फरस विषाणूच्या डीएनएत, गंधक त्याच्या प्रोटीनच्या कवचात. आत पी-32 सापडला, एस-35 बाहेरच्या द्रवात राहिला. म्हणजे आत गेला तो डीएनए.

पत्रिकेच्या उरलेल्या कडेवर सोनेरी अक्षरांत "आपले दर्शनाभिलाषी" तसंच राहिलं आहे.

1 डिसेंबर, रविवार

92 कार्डं. सकाळी पोहे, वर जीरावन, मग एक तास डबे. थंडी पडायला लागली. एवढंच.

8 डिसेंबर, रविवार

डेव्हिएशन. कारखान्याच्या भाषेत, ठरलेल्या पद्धतीबाहेर घडलेली गोष्ट.

एक्सेलचं शीट मी ऑनलाइन टाकलं होतं, रोज रात्री तिनं भरायचं असं ठरलं होतं. आज सहज त्याचा इतिहास उघडला. सोमवार ते रविवार, साती दिवसांच्या नोंदी आज रात्री 9:42 ते 9:58 मध्ये भरलेल्या. वेळेचा रकानासुद्धा: 45 मिनिटं, 50 मिनिटं, 40 मिनिटं, अगदी खरी वाटावी अशी.

आमच्याकडे मागच्या तारखेची नोंद म्हणजे नोकरीवर बेतणारी गोष्ट. माझा आवाज चढला. आई आतून म्हणाली, "पोरीला आरोपी कशाला करतोस?" भाची रडली नाही, चिडली. "मामा, तुझं शीट भरायला रोज वीस मिनिटं जातात. तेवढ्यात माझ्या दोन आकृत्या होतात. अभ्यास मी रोज केलाय. डबे बघ हवं तर."

डबे बघितले. खोटं नव्हतं. तिसऱ्या डब्यात 31 कार्डं पोचली होती.

रात्री झोप लागेना तेव्हा आठवलं, की मीच नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये सांगतो: ऑपरेटर नोंद मागाहून भरत असेल तर आधी फॉर्म बघा, मग माणूस. 11 रकाने! त्यातला सहीचा रकाना कुणासाठी होता, माझं मलाच सांगता येईना.

9 डिसेंबर, सोमवार

शीट बंद. त्याऐवजी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. रोजच्या चौकोनात तीनच आकडे: धड्याचा क्रमांक, कोऱ्या कागदावर आलेले मुद्दे, सुटलेले मुद्दे. आजचा चौकोन: "5: 14, 9". पाचवा धडा, 14 आले, 9 सुटले. कोरा कागद पंधरा मिनिटं, मग पुस्तक उघडून लाल पेननं सुटलेले भरायचे आणि त्यातल्या प्रत्येकाचं कार्ड. वाचन किती झालं याची नोंद कुठंच नाही.

लेखणी तिच्या हातात. मी फक्त रविवारी बघणार.

बायकोची तक्रार: गॅस सिलिंडरची तारीख आता कुठे लिहायची?

15 डिसेंबर, रविवार

पाचवा धडा, मॉलिक्युलर बेसिस, म्हणजे आनुवंशिकतेचा डीएनएच्या पातळीवरचा पाया, हा या पुस्तकातला घाट आहे. प्रयोगांमागून प्रयोग: ग्रिफिथ 1928, एव्हरी आणि मंडळी 1944, हर्षी-चेस 1952, मेसेलसन-स्टाल 1958, आणि पुढे लॅक ओपेरॉन, म्हणजे बॅक्टेरियातली जनुकं चालू-बंद करण्याची व्यवस्था. सगळं एकावर एक चढलेलं. मेसेलसन-स्टालवर ती तिसऱ्यांदा अडली. पुस्तकातला प्रश्न असा, की ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतात; जड नायट्रोजनमधून साध्यात आणल्यावर 80 मिनिटांनी हायब्रिड आणि हलका डीएनए किती-किती?

सूत्र ती पाठ करू पाहत होती. मी आईचा शिवणाचा डबा मागितला. दोन काळी बटणं शेजारी शेजारी: जड डीएनए, दोन धागे. 20 मिनिटं झाली, दोघांची ताटातूट, प्रत्येकाला एक पांढरं बटण. दोन जोड्या, दोन्ही हायब्रिड. 40 मिनिटं: चार जोड्या, काळी बटणं अजूनही दोनच. इथं तिचा हात थांबला. "मामा, काळी वाढणारच नाहीत ना." पुढचं तिनंच मांडलं. 80 मिनिटांना ओट्यावर 16 जोड्या, 32 बटणं, त्यात काळी दोन. म्हणजे 2 जोड्या हायब्रिड आणि 14 हलक्या. साडेबारा टक्के आणि साडेसत्त्याऐंशी.

पांढरी बटणं 30 हवी होती, डब्यात 26 निघाली. चार शेंगदाणे लावले. आई जाता जाता म्हणाली, "अगं, जुनं बटण कुणाच्या वाट्याला गेलं एवढंच बघायचं आहे ना?" सेमीकन्झर्वेटिव्ह रेप्लिकेशनची याहून सुटसुटीत व्याख्या मी ऐकलेली नाही. भाचीनं कार्डावर तीच लिहून ठेवली, पेपरात मात्र लिहिणार नाही असं कबूल करून घेतलं.

22 डिसेंबर, रविवार

दुसरा पेपर: 49. गेलेले 21. "आठवलं नाही" 11 वरून 5 वर आलं. पण "प्रश्न वेगळा होता" 4 चं 6 झालं! घाई. कारण द्या म्हटलं तर वर्णन, फरक सांगा म्हटलं तर दोन परिच्छेद. आता प्रश्न वाचताना क्रियापदाखाली रेघ मारायची, लिहायच्या आधी. बोर्ड पेपर वाचायला 15 मिनिटं वेगळी देतं, 10:15 ते 10:30. त्या वेळात मुलं देवाचं नाव घेतात असं तिचं म्हणणं. घ्यावं, पण रेघा मनात मारत घ्यावं.

5 जानेवारी 2025, रविवार

सूक्ष्मजीवांचा धडा आईनंच घेतला म्हणायचा. दह्याचं विरजण म्हणजे पुस्तकातलं इनॉक्युलम, लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया, ब-12 जीवनसत्त्व वाढतं, वगैरे. थंडीत विरजण जास्त का घालावं लागतं, हे आईला माहीत होतं आणि पुस्तकात नव्हतं.

बायोगॅसला आमच्या शहराचंच उदाहरण. सकाळी दारावर येणाऱ्या गाडीत आपण जो ओला कचरा वेगळा टाकतो, त्यासाठी देवगुराडियाला 2022 पासून बायो-सीएनजीचा प्रकल्प आहे, रोज 550 टन क्षमतेचा. आत काम करतात ते मिथेन तयार करणारे, हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया, मिथेनोबॅक्टीरियम हे पुस्तकातलं नाव. तेव्हापासून ती कचरागाडीला "मिथेनोबॅक्टीरियमची टिफिन सर्व्हिस" म्हणते. कार्ड एकदाच बघितलं, थेट चौथ्या डब्यात.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

प्री-बोर्डचे गुण आले. 47. मागच्यापेक्षा दोन कमी.

ताईला काय सांगायचं याची चर्चा तिळगुळापेक्षा जास्त वेळ चालली. मी पेपर घेऊन बसलो. 23 पैकी 9 एकट्या बायोटेक्नॉलॉजीत गेले होते. ज्या युनिटवर मी पहिल्या दिवशी बोट ठेवलं होतं, त्याच. ईको-आरआय हे एन्झाइम डीएनए कुठे कापतं, हे चुकलं. पीबीआर-322 मध्ये, म्हणजे बॅक्टेरियात जनुक नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात, घुसवलेला जनुक टेट्रासायक्लीनला तोंड देणाऱ्या जनुकाच्या जागेत गेला तर कुठल्या माध्यमावर वसाहती मरतात, तेही उलटं.

कालनिर्णय उलगडून बघितलं. 9 आणि 10 हे धडे 12 डिसेंबरनंतर चौकोनात कुठंच नाहीत. एक महिना! त्या धड्यांची कार्डं केलीच नव्हती. कार्ड नाही म्हणून डब्यात नाही, डब्यात नाही म्हणून कुणाला आठवण नाही. डब्यांची पद्धत चांगली आहे, पण डब्यात जे टाकलंच नाही त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. माझी चूक. रविवारी मी फक्त आलेले आकडे बघत होतो, न आलेले धडे बघत नव्हतो.

उपाय: दर रविवारी 13 धड्यांचे शेवटचे दिनांक एका ओळीत. दहा दिवसांपेक्षा जुना असेल त्याला लाल गोल.

19 जानेवारी, रविवार

काल शाळेत प्रॅक्टिकल झालं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड, अ‍ॅसिटोकार्मिननं रंगवून, अंगठ्यानं दाबून. पेशीविभाजनातला मेटाफेजचा टप्पा सापडायला तिला बारा मिनिटं लागली म्हणे. स्पॉटिंगचे 7 मार्क: प्रत्येक स्पॉटला ओळख आणि कारण. पेडिग्री चार्टवर, म्हणजे वंशावळीच्या तक्त्यावर, "मुलगा बाधित, आई-वडील दोघंही निरोगी" हे दिसताच रिसेसिव्ह लिहून मोकळी झाली. मग ऑटोसोमल की एक्सवरचं, त्यासाठी मुली बघितल्या. तिनं हे सांगितलं तेव्हा बरं वाटलं.

2 फेब्रुवारी, रविवार

सकाळी सिरपूर तलाव. आज जागतिक पाणथळ दिन, आणि सिरपूर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे, यशवंत सागरही. गेल्याच महिन्यात रामसर कराराखाली इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना वेटलँड सिटीची मान्यता मिळाली, देशातली ही पहिलीच दोन. त्यामुळे गर्दी होती.

काठावर म्हशी चरत होत्या आणि त्यांच्या पायांत गायबगळे. म्हैस पाऊल टाकते, गवतातले किडे उडतात, बगळा टिपतो. म्हशीला ना फायदा ना तोटा. भाची मोबाइल काढून फोटो घेता घेता पुटपुटली, "अधिक, शून्य. कमेन्सॅलिझम." पुस्तकातलं हेच उदाहरण आहे. मी म्हटलं, आणि म्हशीच्या पाठीवरचा कावळा, गोचिड्या खाणारा? थोडा विचार केला. "अधिक, अधिक. पण जखम उकरत असेल तर परत विचार करावा लागेल." हे उत्तर कुठल्या उत्तरसूचीत नसेल, पण मला सगळ्यात आवडलं.

इकॉलॉजीचे तीन धडे आता पंधरवड्याच्या डब्यात. दीड महिना वाचला होता, त्याचं व्याज मिळालं म्हणायचं.

9 फेब्रुवारी, रविवार

इथून 27 तारखेपर्यंत फिजिक्स-केमिस्ट्री. बायोलॉजीला रोज फक्त पंधरा मिनिटं, पहिला डबा. एवढंही बंद केलं तर मार्चमध्ये सगळी कार्डं एक नंबरात परत येतील, हे तिचंच म्हणणं. नीटची तारीखही आली आहे, 4 मे. त्या तारखेबद्दल घरात तूर्त बोलायचं नाही असा ठराव झाला.

12 मार्च, बुधवार

काल इंग्रजी संपलं. आज ते 24 मार्च, दिवस 13. धडे 13. मी लगेच म्हटलं, रोज एक! माझ्यासारख्या माणसाला असा योग म्हणजे पर्वणीच.

तिनं मानच हलवली. "मग पहिला धडा मी आज बघणार आणि पेपरला बसेन तेव्हा त्याला तेरा दिवस झालेले असणार. तूच लाल गोल करशील." गप्प बसलो.

तिनं कालनिर्णयावर स्वतः लिहिलं. 12 ते 17: सगळे धडे एकदा, रोज दोन, शेवटच्या दिवशी इकॉलॉजीचे तिन्ही. जोड्याही तिच्या: एक जड, एक हलका, पाचव्याबरोबर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ, सहाव्याबरोबर सूक्ष्मजीव. 18: पेपर. 20, 21: फक्त चुकलेलं. 22: पेपर. 23: आकृत्या, सगळ्या 19, न बघता. 24: पहिला डबा आणि झोप.

19 च्या चौकोनात एकच शब्द: गेर. रंगपंचमीची मिरवणूक.

मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, "कारखान्यात दर महिन्याला एक दिवस मशीन बंद ठेवता ना, देखभालीसाठी?" यावर उत्तर नव्हतं.

14 मार्च, शुक्रवार

धुळवड. आमच्या गल्लीत फारसं नाही. चौकोन भरलेला: "6: 19, 4", "8: 17, 1". हार्डी-वाइनबर्गची दोन गणितं सुटली. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन, हे कार्ड गेले तीन महिने इकडून तिकडे फिरत होतं, आज कायमचं बसलं असं वाटतं.

18 मार्च, मंगळवार

तिसरा घरचा पेपर: 58. "प्रश्न वेगळा होता": 1. "मार्काचा मुद्दा सुटला": अजून 5. हा प्रकार शेवटपर्यंत चिवट निघाला. तीन मार्कांच्या प्रश्नाला तीन सुटे मुद्दे दिसले पाहिजेत, मग वाक्य कितीही साधं असो. तिला मात्र एकच लांब, सुंदर वाक्य लिहायचं असतं. यात तिची चूक कशी म्हणू, मराठी बोलणाऱ्या घरातली आहे.

19 मार्च, बुधवार, रंगपंचमी

सकाळी साडेनऊला भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि जबाबदार माणूस म्हणून मी, असे राजवाड्याकडे निघालो. टँकरमधून रंगीत पाणी, मशिनींतून तीन-चार मजले उंच उडणारा गुलाल, आकाशच गुलाबी. एका मैत्रिणीनं ओरडून विचारलं, "भिया, लॅक ओपेरॉनमध्ये झेड काय करतो?" आणि आमच्या बाईसाहेब गुलाल थुंकत ओरडल्या, "बीटा-गॅलॅक्टोसिडेज!" शेजारच्या ढोलवाल्यानं तिच्याकडे बघितलं.

दुपारी घरी येऊन सगळे झोपलो. संध्याकाळी ती डबे घेऊन बसली होती, ठरलेलं नसताना. आता वीसेक कार्डांवर गुलाबी अंगठे उमटले आहेत.

22 मार्च, शनिवार

61. "आठवलं नाही": 1. तपासताना मी अर्धा मार्क कापला त्यावर तिनं उत्तरसूची उघडून वाद घातला आणि जिंकली. साडेएकसष्ट.

24 मार्च, सोमवार

एकूण 236 कार्डं. पहिल्या डब्यात 9. रात्री आठला ती नऊ बाजूला काढून, ओली होऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. सकाळी गाडीत बघणार. हॉल तिकीट, निळे पेन दोन, पेन्सिल, खोडरबर, पारदर्शक पाउच, पाण्याची बाटली. आकृती पेन्सिलनं आणि नावं एकाच बाजूला, हे तिनं स्वतःच्या हातावर लिहिलं होतं. आईनं ते साबणानं पुसायला लावलं, परीक्षेच्या दारात उगाच शंका नको म्हणून.

झोपायच्या आधी कागद मागितला आणि एम्ब्रियो सॅक काढला. चाळीस सेकंद. सात पेशी. सिनर्जिडच्या टोकाला फिलिफॉर्म अ‍ॅपरेटसच्या रेघासुद्धा. मी न विचारताच तिनं खाली लिहिलं: परागनलिकेला वाट दाखवतं.

26 मार्च, बुधवार

काल पेपर झाला. तिचा अहवाल दोन वाक्यांचा: "वेळ पुरला. एक तीन मार्कांचा अर्धाच आला." ताईला तेवढंच कळवलं.

ठराव संपला, नीटबद्दल बोलायला परवानगी. 4 मे, आजपासून 39 दिवस. 180 प्रश्नांत 90 बायोलॉजीचे, आणि त्यात अकरावीही आली. बारावीची 236 कार्डं डब्यांत तशीच राहतील, अकरावीची आजपासून. संध्याकाळी पहिली 22 कापली, प्राण्यांच्या वर्गीकरणापासून सुरुवात. पत्रिकांचा गठ्ठा तिथंच संपला.

बायको म्हणते, 14 एप्रिलनंतर लग्नसराई सुरू होईल, पत्रिका येतीलच. तोवर गणपतींच्या थप्पीकडे कुणी बघायचं नाही.